रात्र आधी सोडली

आमच्या औसा-निलंगा भागात ट्रकवरचा माणूस निवृत्त झाला असे कोणी म्हणत नाही. त्याची गाडी विकली गेली, त्याला साखरेने गाठले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला किंवा कुठल्याशा घाटात अपघात झाला, असेच सांगितले जाते. शिक्षकाला निरोप समारंभ असतो, तलाठ्याला असतो, साखर कारखान्यातल्या फिटरलाही शाल आणि नारळ मिळतो. ड्रायव्हरचे चालवणे मात्र एखाद्या दिवशी बंद पडते आणि मग चार लोकांच्या लक्षात येते की, हा माणूस हल्ली घरीच दिसतो. मला तसे थांबायचे नव्हते. साठी जवळ आली तेव्हा मी ठरवले की, लांब पल्ल्याचा ट्रक आपण टप्प्याटप्प्याने सोडायचा आणि कोणती गोष्ट आधी सोडायची, कोणती शेवटी, याचा क्रमही आपणच लावायचा. या क्रमाविषयीच मला लिहायचे आहे, कारण माझ्या लाइनमधले बहुतेक जण तो उलटा लावतात आणि मग हाल सोसतात.

माझी लाइन दक्षिणेची आणि पूर्वेची. लातूरच्या डाळमिलमधून तूरडाळ भरायची आणि हैदराबाद, कर्नूल करत चेन्नई गाठायची. नाहीतर नागपूर, रायपूर, संबलपूर, खडगपूर करत कोलकात्याला जायचे आणि परतीला छत्तीसगडातून लोखंड किंवा सिमेंट मिळेल ते भाडे घ्यायचे. त्या पूर्वेकडच्या रस्त्याचे क्रमांक आता ५३ आणि ४९ झाले आहेत, पण आमच्या पिढीच्या तोंडी तो अजून ‘सहा नंबर’च आहे. क्लीनर म्हणून सुरुवात केली, मग दुसरा ड्रायव्हर झालो, मग जुनी सहाचाकी घेतली आणि शेवटी स्वतःची दहाचाकी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले, फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. या दोन गोष्टींनी आमचे किती तास वाचले हे नाक्यावरच्या रांगेत रात्र काढलेल्यालाच कळेल. मात्र वाचलेले तास आमच्याकडे राहिले नाहीत. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची मुदत सुरुवातीला शंभर किलोमीटरला एक दिवस होती, जानेवारी २०२१ पासून ती दोनशे किलोमीटरला एक दिवस झाली. गाडीला जीपीएस बसला आणि गाडी अर्धा तास उभी दिसली की ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून फोन येऊ लागला. रस्ता सुधारला तसा माल पोहोचवण्याचा वायदाही आखूड होत गेला.

थकलेला ड्रायव्हर सर्वांत आधी अंतर कमी करतो. कोलकाता बंद करतो, चेन्नई बंद करतो, आता फक्त हैदराबाद, बेंगळुरू एवढेच, असे सांगतो. ऐकायला ते शहाणपणाचे वाटते, पण त्याने काही साधत नाही, कारण अंतर कमी केल्याने रात्र कमी होत नाही. लातूरच्या मार्केट यार्डात दुपारपर्यंत सौदे होतात, पोती शिवून, काटा करून हमाल गाडी भरतात तोवर संध्याकाळ होते, बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात पडेपर्यंत दिवे लागलेले असतात. पुढे मोठ्या शहरांत दिवसा जड वाहनांना प्रवेश नसतो, म्हणून पहाटेच्या आत गाडी आत घालावी लागते. म्हणजे उदगीर, बिदर, जहिराबाद हा जवळचा म्हणवला जाणारा रस्ताही नेमका रात्री दोन ते पाच या वेळात कापावा लागतो. कोलकात्याच्या लांब फेरीत निदान एखादी रात्र ढाब्यावर बाजेवर पाठ टेकता येत असे. जवळच्या फेऱ्यांत आठवड्यातल्या चार-पाच रात्री जागरणाच्या होतात. ज्यांनी फक्त अंतर कमी केले, ते माझे सोबती पूर्वीपेक्षा अधिक थकलेले मी पाहिले आहेत.

पहाटेच्या या तासांचे स्वरूप डॉक्टरांनी मला समजावून सांगितले, तेव्हा इतक्या वर्षांच्या अनुभवाला कारण मिळाले. शरीराचे तापमान रात्री उतरते आणि पहाटेच्या आधी सर्वांत खाली येते. त्या वेळी मेंदू झोपेकडे ओढला जातो आणि ही ओढ चहाने, तंबाखूने किंवा खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने काही मिनिटांपुरतीच थोपते. तरुणपणी दिवसा काढलेली झोप रात्रीची भरपाई करते. पन्नाशीनंतर दिवसाची झोपच तुटक होते, मग भरपाई कुठून होणार? डोळ्यांचेही तसेच. वयाबरोबर डोळ्यातले भिंग गढूळ होत जाते, अंधारात बाहुली पूर्वीइतकी फाकत नाही आणि समोरून येणाऱ्या गाडीचा झोत गेल्यावर नजर पुन्हा स्थिरावायला जास्त वेळ लागतो. ऐंशीच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. तो झोत ओसरेपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत रस्त्यावर ऊसवाल्या ट्रॅक्टरची बिनदिव्याची ट्रॉली उभी असेल तर काय होते, हे आमच्या भागात नोव्हेंबर ते मार्च या गळीत हंगामात वर्तमानपत्रात वाचायला मिळते. म्हणून मी आधी रात्र सोडली. अंतर नंतर आपोआप कमी झाले.

रात्र सोडायची तर माल बदलावा लागतो. ज्या मालाला पहाट गाठायची घाई असते तो घ्यायचा नाही, एवढा एकच नियम मी पाळला. रेल्वेच्या मालधक्क्यावर खताची रेक, म्हणजे मालगाडी, लागली की तालुक्याच्या कृषी केंद्रांना पोती पोहोचवायची. कारखान्याच्या गोदामातून साखर वखारीत न्यायची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावोगावचे सोयाबीन मार्केट यार्डात आणायचे. ही सगळी दिवसाची कामे. भाडे थोडे, थांबणे जास्त, आणि काही दिवस काहीच नाही. ज्या ट्रान्सपोर्टवाल्यांची डाळ मी वर्षानुवर्षे वाहिली होती, त्यांच्यातल्या काहींनी हे मानले आणि काहींनी मला फोन करणेच बंद केले. सहा वाजल्यानंतर भरणारी गाडी मी नेणार नाही, हे वाक्य प्रथम उच्चारताना घशाशी आवंढा आला होता, कारण आमच्या धंद्यात नाही म्हणणाऱ्याचा नंबर यादीत खाली जातो आणि तो पुन्हा वर येत नाही.

हे नाही म्हणणे मला परवडले ते एकाच कारणाने. गाडीवर हप्ता नव्हता. हप्ता असलेल्या गाडीने महिन्याला किती किलोमीटर पळायचे हे फायनान्स कंपनी ठरवते. विमा, कर, टायर आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी करावे लागणारे फिटनेस यांचाच खर्च एवढा असतो की, त्यावर हप्ता आला तर रात्र सोडण्याचा विचारही करता येत नाही. ज्यांना पुढच्या चार-पाच वर्षांत हळूहळू बाजूला व्हायचे आहे, त्यांनी नव्या गाडीचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. नवी गाडी घ्यायची असेल तर ती पुढच्या पिढीने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या हिशोबावर घ्यावी.

यात सरकारी आधार जवळजवळ काही नाही, हे मला मनापासून खटकते. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले, पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. एका गाडीचा मालक-ड्रायव्हर त्याच्या आश्रयाला कधी आलाच नाही. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने कामाच्या तासांची मर्यादा सगळ्या मालवाहू गाड्यांच्या ड्रायव्हरांना लागू केली, तरी ती पाळली जाते की नाही हे पाहणारा माणूस मला रस्त्यावर भेटला नाही. अटल पेन्शन योजना २०१५ मध्ये आली, श्रमयोगी मानधन योजना २०१९ मध्ये आली. दोन्हींत प्रवेशाचे वय अठरा ते चाळीस. ज्यांनी ऐंशीच्या दशकात स्टेअरिंग धरले ते तोवर चाळिशीच्या पुष्कळ पुढे गेले होते. असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रमची नोंदणी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली आणि ती एकोणसाठाव्या वर्षापर्यंतच होते. देशभर धान्य, औषधे, सिमेंट वाहून नेणाऱ्या या पिढीच्या हाती म्हातारपणी जे उरते ते फक्त जुनी गाडी आणि असली तर चार एकर जमीन.

जमीन आहे, घर आहे, पण त्या घरात माझी जागा काय, हा प्रश्न गाडीपेक्षा अवघड निघाला. त्याचे मूळ फार मागे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर माणसे नुकतीच झोपली असताना, आमच्याच औसा तालुक्यातल्या किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंतींच्या माळवदाच्या घरांखाली हजारो माणसे गेली. मी त्या वेळी ओडिशात संबलपूरच्या अलीकडे होतो. ढाब्यावरच्या रेडिओवर लातूर आणि उस्मानाबाद ही नावे ऐकली आणि ताट तसेच ठेवून उठलो. एसटीडी बूथवरून लाइन लागत नव्हती. गाडीत माल होता, तो उतरवल्याशिवाय परत फिरता येत नव्हते. मी गावी पोहोचलो तेव्हा आमच्या घराची मागची भिंत पडलेली होती, माणसे सुखरूप होती आणि पत्नीने दोन्ही मुलांना घेऊन, ज्वारीची पोती ओढून आणून, लिंबाच्या झाडाखाली चूल मांडली होती. पंचनामा तिनेच करून घेतला होता. तिने मला कसलाही दोष दिला नाही. पण घरातल्या कोणत्याही गोष्टीसाठी माझी वाट पाहायची नाही, हे तिने तेव्हा ठरवले आणि पुढे पुनर्वसनाचे घर, मुलीचे लग्न, बोअर कुठे घ्यायचा, मुलाला चाकणला पाठवायचे की नाही, हे सगळे तिने तडीस नेले. मी पैसे आणत असे आणि झालेले निर्णय ऐकत असे.

अशा घरात माणूस महिन्यातून वीस-बावीस दिवस राहू लागला तर त्याने मालकासारखे वागणे बरे नव्हे. ट्रकवर सगळे माझ्या हातात असायचे. कुठे थांबायचे, कुठे जेवायचे, कोणता रस्ता धरायचा. इथे सोयाबीनचे कोणते बियाणे धरायचे, शेजाऱ्याशी पाण्याची पाळी कशी लावायची, बचत गटाचा हप्ता कोणत्या तारखेला, याचे एक चालू वेळापत्रक होते आणि त्यात माझे नाव नव्हते. एकदा मी सहज म्हणालो की, पाणी आज देऊन टाकू, उद्या मला रेकवर जायचे आहे. ती हातातले काम न थांबवता म्हणाली, “तुमी घरी आलाव म्हणून पाण्याची पाळी बदलत नसती. इचारून घ्या की.” मी विचारून घेऊ लागलो. आता आठवड्याच्या सुरुवातीला ती मला कामे सांगते, मी माझ्या भाड्याचे दिवस सांगतो आणि दोन्हींचा मेळ तीच घालते. ज्यांना वर्षानुवर्षे बाहेर राहून घरी परतायचे आहे, त्यांनी आपल्या माघारी कोणी घर चालवले हे आधी नीट पाहावे. तिच्याकडून काम शिकून घेण्यात कमीपणा नाही आणि त्याशिवाय घरात जागा मिळत नाही.

एक गोष्ट मात्र मी तिच्याकडून काढून घेतली. शेतीपंपाची थ्री-फेज वीज आमच्याकडे आलटून पालटून एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. हरभऱ्याला पाणी देण्यासाठी थंडीत मध्यरात्री शेतात जाणे इतकी वर्षे तिच्याच वाट्याला होते. रस्त्यावरची रात्र सोडलेल्या माणसाने शेतातली रात्र घ्यावी का, असा प्रश्न कोणी विचारील. पण इथे चालायचे असते, बसायचे नसते, हातात बॅटरी आणि फावडे असते आणि एखादी डुलकी लागली तरी वाफा फुटण्यापलीकडे नुकसान होत नाही.

झोपेची घडी बसायला फार वेळ लागला. घरात मला शांततेनेच जाग येत असे. ट्रकमध्ये दुसरा ड्रायव्हर चालवत असताना मी मागच्या फळीवर इंजिनच्या घरघरीत गाढ झोपायचो; इंजिन थांबले की डोळे उघडत, कारण थांबणे म्हणजे नाका, बिघाड किंवा काहीतरी वाईट. लोडशेडिंगमध्ये पंखा बंद पडला की तेच होत असे. मी उठून बसायचो आणि आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत हे आठवायचा प्रयत्न करायचो. डॉक्टरांनी औषध न देता एवढेच सांगितले की, रोज एकाच वेळी उठा, आदल्या रात्री कितीही कमी झोप झाली तरी. हा साधा उपाय काही महिन्यांनी लागू पडला. कंबर मात्र पूर्ण सुधारलेली नाही. वर्षानुवर्षे गाडीचे हादरे खाल्लेल्या मणक्यांना शेतात वाकून केलेले काम सोसत नाही, म्हणून खुरपणी मी करत नाही. फवारणी, पाणी आणि माल बाजारात नेणे ही माझी कामे.

दहाचाकी आता पुतण्याकडे आहे. गाडी चालवायला त्याला माझ्याकडून काही शिकायचे नव्हते. तो माझ्यापेक्षा चांगली चालवतो, समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर त्याला घरच्या अंगणासारखे वाटतात. मला त्याला माल बांधणे शिकवायचे होते. ताडपत्री आधी मागच्या बाजूची घालायची आणि पुढची तिच्यावर चढवायची, म्हणजे धावत्या गाडीचा वारा जोडात शिरत नाही. हौद्याच्या खालच्या कड्यांतून दोर आडवा-तिडवा काढायचा, फाळक्याच्या कोपऱ्यावर दुहेरी फास टाकायचा, एक पाय हौद्याला टेकवून अंगाचे सगळे वजन मागे झोकायचे आणि दोर बोटाने वाजवून पाहायचा. पोती पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये बसतात आणि दोर सैल होतो. तिथे थांबून पुन्हा ओढल्याशिवाय पुढे जायचे नाही. तागाचा दोर भिजला की आवळतो, म्हणून पावसाळ्यात त्याला थोडी ढील ठेवायची. नायलॉनचा दोर भिजला की गाठीतून सरकतो, त्याला एक वेढा जास्त. मग टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन प्रत्येक टायरवर ठोका द्यायचा. जोडचाकातला आतला टायर डोळ्यांना दिसत नाही, पण हवा कमी असेल तर आवाज ठणठणीत न येता बसका येतो. पुतण्या आधी म्हणायचा, “काका, आता सेन्सर येतात याला.” येतात, आणि ते बसवावेत. तरीही त्याने ठोका द्यायची सवय उचलली आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

काही गोष्टींची आठवण येते आणि ती लपवण्याचे कारण नाही. कर्नूलच्या अलीकडे पहाटे तुंगभद्रा ओलांडून गेल्यावरचा उजेड, संबलपूरच्या बाजूला साल वृक्षांचे जंगल, चेन्नईच्या बाजारात आमची तूरडाळ बोटांवर घेऊन पाहणारे, भाषा न समजताही माल ओळखणारे व्यापारी. बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे वाचले तेव्हा मला त्या व्यापाऱ्यांचे चेहरे आठवले. त्यांना लातूरच्या डाळीची पारख आमच्या कितीतरी आधीपासून होती. कन्नड-चाळीसगाव रस्त्यावरचा औट्रम घाट आठवतो, जिथे एक गाडी बंद पडली की दोन्ही बाजूंना मैलभर रांग लागे; २०२३ पासून तिथे जड वाहनांना बंदी झाली आणि आमच्या पिढीची ती धास्ती संपली. या आठवणींसाठी पुन्हा रात्रीचा रस्ता धरावा, असे मात्र मला वाटत नाही.

मला आता काळजी आहे ती पुतण्याची. मी सोडलेल्या रात्री त्याच्या वाट्याला आल्या आहेत आणि पंचविशीतल्या शरीराला त्या सोसतात, म्हणून त्यांची किंमत नंतर द्यावी लागणार नाही असे नाही. जून २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट आहे, पण आमची गाडी जुनी आहे आणि गारव्याने झोपेची गरज भागत नाही. म्हणून आम्ही दोघांनी बसून ठरवले की, चेन्नईच्या लाइनवर गाडी एकट्या माणसावर जाणार नाही. शेजारच्या गावचा एक मुलगा, ज्याला नुकतेच हेवी लायसन मिळाले आहे, त्याला दुसरा ड्रायव्हर म्हणून घेतले आहे. दोघांचा पगार, दोघांचा भत्ता म्हटल्यावर फेरीमागे उरणारी रक्कम बरीच कमी होते आणि पुतण्याच्या संसाराला ती कमी करणे योग्य नव्हते, म्हणून दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार गाडीच्या मिळकतीतल्या माझ्या हिश्श्यातून जातो. पत्नीला विचारले, तेव्हा तिने वहीत हिशोब मांडला, खताच्या रेकचे आणि सोयाबीनचे भाडे धरून वर्ष निघते का ते पाहिले आणि निघते असे सांगितले. दसऱ्यापासून ही व्यवस्था सुरू झाली. तो मुलगा सध्या दिवसा गाडी चालवतो आणि पुतण्या रात्री. मुलाचा हात घाटावर बसला की वेळ अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा, असे त्यांचे आपसात ठरले आहे.